झोकांडीचा इतिहास

वाचकहो, बोईसरच्या स्टेशनबाहेर कारखान्यांची पाळी सुटण्याच्या वेळी एखादा माणूस पाय फाकून, भिंतीला हात लावीत, झोकांड्या खात चाललेला दिसला, तर त्याच्याविषयी निकाल द्यायला आपल्याला कितीसा वेळ लागतो? “घेतलेली दिसते,” एवढे म्हणून आपण बाजूला सरतो आणि आपल्या वाटेने चालू लागतो. पालघर काय, बोईसर काय, तारापूर काय, हा सारा ताडाखजुरीचा मुलूख. झाडाच्या शेंड्याला मडके दिसले की झाडाखाली झोकांडी असायचीच, असे समीकरण आपल्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहे.

ते तसे बसायला इतिहासही कारण झाला. पालघर हा २०१४ च्या १ ऑगस्टला स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता. मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा आला आणि दारू-ताडीचा व्यवहार सरकारच्या मुठीत गेला. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा झाला. पुढे १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांतून ‘देवी’ची चळवळ निघाली. आरंभी ती देवीच्या साथीच्या शांतवनासाठी होती. पण गावोगाव फिरता फिरता तिने “दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा” असा आदेश दिला, आणि वर्षाच्या अखेरीपर्यंत ती आदिवासी पाड्यांतून थेट सुरतेकडच्या मुलखापर्यंत जाऊन पोचली. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला. म्हणजे सरकार असो, सुधारक असो की खुद्द देवी असो, ह्या भागातल्या माणसाच्या चालीकडे सगळ्यांनी पाहिले ते दारूच्या चष्म्यातून. तो चष्मा अजून आपल्या नाकावरून उतरलेला नाही.

परंतु झोकांडीला दुसराही एक इतिहास आहे. तो वैद्यकाचा इतिहास आहे आणि तो दोनशे वर्षांचा आहे. माणूस डुलतो म्हणजे नेमके काय बिघडते, ते दिव्याविना, यंत्राविना, नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखायचे, आणि ते कशाकशाने बिघडते, हे डॉक्टरांनी हळूहळू कसे शिकून घेतले, त्याची ही हकीकत आहे. तिच्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईत लिहिला गेला, हेही आपण पुढे पाहू.

आपल्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, हात लावून बघा. त्या हाडाच्या आत लहान मेंदू असतो. शास्त्रीय पुस्तकांत त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. आपण शाळेत शिकलो तो ‘लहान मेंदू’ हाच शब्द घेऊन चालू. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या सुमारे एक दशांश. पण मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी जवळजवळ चार पंचमांश पेशी ह्या एवढ्याशा जागेत दाटीने बसलेल्या असतात. त्यांतल्या मोठ्या, झाडासारखा फांद्यांचा पसारा असलेल्या पेशींचे वर्णन चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये ह्यांनी १८३७ साली केले आणि त्यांचेच नाव त्या पेशींना मिळाले.

हा अवयव करतो तरी काय? ह्या प्रश्नावर जुन्या पंडितांनी गमतीदार तर्क लढविले होते. डोक्याच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणाऱ्या गाल ह्यांनी ठरवून टाकले, की लहान मेंदू हे कामवासनेचे ठाणे! इटलीचे रोलांदो ह्यांनी १८०९ साली प्राण्यांवर प्रयोग केले आणि हालचालींशी त्याचा संबंध आहे हे बरोबर हेरले. पण त्याच्या आतली एकावर एक रचलेली पाने पाहून त्यांना वाटले, की ही व्होल्टाची विजेची घटमाला आहे आणि शरीराला बळ पुरविते. खरे उत्तर आले १८२४ साली, फ्रान्सच्या फ्लूरांस ह्यांच्याकडून. त्यांनी कबुतरांचा लहान मेंदू थोडाथोडा काढून पाहिला. पाखरे आंधळी झाली नाहीत, बहिरी झाली नाहीत, त्यांचे पंख लुळे पडले नाहीत. फक्त त्यांच्या हालचालींतला मेळ गेला. ती दारू चढल्यासारखी लडखडू लागली. फ्लूरांस ह्यांनी निष्कर्ष काढला, की लहान मेंदू बळ देत नाही, तो बळाचा हिशेब ठेवतो. कोणता स्नायू केव्हा, किती आणि कोणाच्या जोडीने ओढायचा, ह्याचा तो मुनीम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दारूच्या झोकांडीशी ही तुलना काही उगीच झालेली नाही. मद्य पोटात गेले की त्याचा अंमल लहान मेंदूवर फार लवकर होतो. म्हणूनच प्यालेल्याची चाल तशी होते. तेव्हा रस्त्यावरच्या माणसाला डुलताना पाहून आपला डोळा चुकत नाही. बिघडलेला अवयव त्याने बरोबर ओळखलेला असतो. चुकतो तो आपला निष्कर्ष. अवयव एक, पण त्याला बिघडविणारी कारणे अनेक.

आता रोग्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तोल जाण्याचे सगळे रोग एकाच पोत्यात भरलेले असत. बर्लिनचे रोंबेर्ग ह्यांनी ते पोते सोडविण्याची पहिली युक्ती दिली. पाय जुळवून उभे करा आणि डोळे मिटायला सांगा. उघड्या डोळ्यांनी ठीक उभा राहणारा माणूस डोळे मिटताच कोसळला, तर दोष लहान मेंदूत नव्हे. पाय जमिनीवर कोठे आहेत ही बातमी वर नेणाऱ्या तंतूंत आहे. असा माणूस सकाळी तोंड धुताना, डोळ्यांवर पाण्याचा हबका मारताच पुढे पडतो. लहान मेंदूच्या रोग्याचा तोल उघड्या डोळ्यांनीही गेलेलाच असतो. डोळे मिटल्याने त्यात थोडीफारच भर पडते. १८६३ साली हायडेलबर्गच्या फ्रीडराइख ह्यांनी एकाच घरातल्या भावंडांत वयाच्या पंधरा-सोळाच्या सुमारास सुरू होणारा तोलाचा रोग वर्णिला. १८६८ च्या सुमारास पॅरिसचे शार्को ह्यांनी डोळ्यांची थरथर, वस्तू घेताना हाताला सुटणारा कंप आणि तुटक बोलणे ही तीन लक्षणे एकत्र मांडली. बाबिन्स्की ह्यांनी १८९९ ते १९०२ ह्या काळात दाखवून दिले, की ह्या रोग्यांच्या सांध्यांची एकमेकांशी फारकत होते, आणि तळहात झरझर उलटासुलटा करणे त्यांना जमत नाही.

तरीही एक अडचण होतीच. रोग सहसा एकाच जागी थांबत नाही; तो आजूबाजूलाही पसरतो. त्यामुळे कोणते लक्षण खास लहान मेंदूचे आणि कोणते शेजाऱ्याचे, हे सांगणे कठीण होते. ती अडचण सोडविली पहिल्या महायुद्धाने. आयर्लंडमध्ये जन्मलेले गॉर्डन होम्स हे फ्रान्समधील ब्रिटिश फौजेच्या इस्पितळांत काम करीत होते. खंदकांतल्या लढाईत शिपायांच्या डोक्याच्या मागच्या भागाला गोळ्यांच्या आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांच्या जखमा होत. काल धडधाकट असलेला तरुण, आज लहान मेंदूच्या फक्त एका बाजूला घाव, आणि दुसरी बाजू तुलनेसाठी शाबूत! निसर्गाने कधी न दिलेली संधी युद्धाने दिली. ह्या जखमींना तपासून होम्स ह्यांनी १९१७ साली ‘ब्रेन’ नावाच्या नियतकालिकात जो दीर्घ निबंध लिहिला, त्यावर आजही लहान मेंदूची परीक्षा उभी आहे.

होम्स ह्यांना आढळले, की घाव ज्या बाजूला, त्याच बाजूचे हातपाय बिघडतात. मोठ्या मेंदूचे याच्या उलट असते. तेथे उजवीकडच्या इजेने डावी बाजू जाते. रोगी हात उचलायला निघतो, पण सुरुवात उशिरा होते. थांबायचे तेथे थांबत नाही. खांदा, कोपर, मनगट एकत्र चालण्याऐवजी आळीपाळीने चालतात. त्यांच्या एका शिपायाने मोठी मार्मिक गोष्ट सांगितली. तिचा आशय असा, की माझा चांगला हात आपोआप काम करतो, पण दुखावलेल्या हाताची प्रत्येक हालचाल मला मनात ठरवून मग करावी लागते. लहान मेंदू रोज आपल्यासाठी किती विचार वाचवितो, हे ह्याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

ही परीक्षा करायला काय लागते? डॉक्टरचे दोन डोळे, एक खुर्ची आणि दहा मिनिटांची सवड. ती आपण आपल्याच मुलखातल्या कामांवरून समजून घेऊ.

पालघरच्या भातखाचरांतून चालणाऱ्याला अरुंद बांधावर मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच भिडवीत जावे लागते. डॉक्टर रोग्याला खोलीतल्या फरशीच्या रेघेवरून नेमके असेच चालायला सांगतात. लहान मेंदू बिघडलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पावलालाच बांध सोडतो. एकच बाजू बिघडली असेल, तर तो त्याच बाजूला कलतो. बिघाड मधल्या भागात असला, तर हातपाय जवळजवळ ठीक असूनही त्याला खाटेवर आधाराशिवाय बसता येत नाही.

मग डॉक्टर आपले बोट पुढे धरतात आणि म्हणतात, “माझ्या बोटाला बोट लावा, मग स्वतःच्या नाकाला.” रोग्याचा हात मध्यापर्यंत बरा येतो, पण लक्ष्य जवळ आले, की थरथर वाढते आणि बोट नेम चुकून पुढे जाते किंवा गालाला लागते. कंपवाताचा हात स्वस्थ असताना कापतो. हा हात कामाला लागला की कापतो. दोहोंतला हा भेद घरच्या माणसालाही कळण्याजोगा आहे. पायांची परीक्षा अशीच. निजून एका पायाची टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून नडगीवरून खाली घसरवायची. टाच नागमोडी जाते.

तांदळाची भाकरी थापणारी बाई बघा. हात ठेक्यात पडतात, भाकरी फिरते. ह्या ठेक्याची परीक्षा म्हणजे एका तळव्यावर दुसरा हात आधी पालथा, मग उताणा, असा भरभर आपटणे. रोग्याचा ठेका चुकतो. एक टाळी लांब, एक आखूड, एक भलतीकडेच. विहिरीचा दोर ओढताना तो अचानक तुटला, तर आपण मागे झोक खातो, पण क्षणात सावरतो. होम्स आणि ग्रेंजर स्ट्युअर्ट ह्यांनी १९०४ साली ह्यावरच परीक्षा बसविली. रोग्याला हात आपल्याकडे ओढायला सांगायचे, डॉक्टरने तो अडवून धरायचा आणि एकदम सोडायचा. निरोगी हात थबकतो. रोग्याचा हात त्याच्याच छातीवर आदळतो. म्हणून डॉक्टरने आपला दुसरा हात मध्ये आडवा धरायचा असतो, बरं का!

बोलणे ऐका. “पालघर, बोईसर, तारापूर” असे चारदा भरभर म्हणायला सांगा. शब्द तुटतात, एक अक्षर जोरात, दुसरे ओढलेले. लिहायला सांगा, अक्षर मोठे आणि वाकडे येते. कागदावर मधून बाहेर जाणारे वेटोळे काढायला सांगा. आमच्या वारली चित्रांत तारपा वाजविणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची रांग वेटोळे घेते ना, तसेच. रोग्याच्या वेटोळ्याच्या रेघा एकमेकींना धडकतात. शेवटी डोळे. बाजूला पाहताना बुबुळे हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात.

ह्या सगळ्यात सर्वांत बोलकी गोष्ट कोणती, सांगू? रोग्याची ताकद शाबूत असते. मूठ आवळायला सांगा, तो घट्ट आवळतो. बळ आहे, पण बळाचा हिशेब नाही. म्हणून तर घरचे म्हणतात, “सोंग करतो,” आणि बाहेरचे म्हणतात, “पिऊन आला.”

आता कारणे. कारण शोधायचे तर पहिला प्रश्न “किती?” हा नव्हे, “केव्हापासून?” हा असतो. घड्याळ आणि पंचांग ही ह्या परीक्षेची खरी अवजारे.

काही मिनिटांत झोकांडी आली, तर रक्तवाहिनी आठवावी. वाढलेल्या रक्तदाबाने लहान मेंदूत रक्तस्राव झाला, की डोके मागून दुखते, उलट्या होतात, गरगरते, आणि माणसाला उभे राहता येत नाही. मात्र हातपाय लुळे पडत नाहीत. त्यामुळे “पित्त झाले आहे, लिंबूसरबत द्या” असे म्हणून मौल्यवान तास वाया जातात. मिलर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे चित्र स्पष्ट रेखाटले आणि दाखविले, की वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर असा रोगी वाचू शकतो. उशीर झाला तर सुजलेला लहान मेंदू शेजारच्या श्वासाच्या केंद्रावर दाब आणतो. पालघर ते मुंबई हे अंतर नव्वदेक किलोमीटरचे आहे. त्यात आणखी दोन तास शंकेत घालविणे परवडणारे नाही. आणि रोग्याच्या तोंडाला दारूचा वास आला, म्हणून रक्तस्राव झाला नसेल असे थोडेच आहे? प्यालेल्या माणसालाही रक्तदाब असतो.

काही दिवसांत आली, तर ताप आठवावा. मुलाला कांजिण्या येऊन गेल्या आणि आठवड्याभरात ते डुलत चालू लागले, तर आईबापांचे धाबे दणाणते. पण बहुधा ते काही आठवड्यांत आपोआप बरे होते. हिवतापाचा आपल्या भागाला जुना अनुभव आहे. श्रीलंकेचे सेनानायक ह्यांनी १९८७ साली अशा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली, की ज्यांचा हिवताप उतरला आणि त्यानंतर काही दिवसांनी चाल बिघडली; तीही पुढे सुधारली. उष्माघाताचे मात्र तसे नाही. पुर्किन्ये पेशींना उष्णता सोसत नाही. उष्माघाताने दगावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मेंदूंची पाहणी १९४६ साली प्रसिद्ध झाली, तीत ह्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झालेल्या आढळल्या. जगलेल्यांतही काहींची झोकांडी कायमची राहते. मिठागरावर किंवा भट्टीपुढे राबणाऱ्यांच्या मुकादमांनी ही गोष्ट विसरू नये.

काही आठवड्यांत वाढत गेली, तर गाठ आठवावी. मुलाचे सकाळी उठल्याउठल्या डोके दुखते, उलटी होते आणि ते पडू लागते. अशा वेळी लहान मेंदूतल्या अर्बुदाचा विचार करावा लागतो. त्यांतल्या एका जातीला १९२५ साली बेली आणि कुशिंग ह्यांनी नाव दिले. आपल्या देशात तशीच गाठ क्षयाचीही असते, आणि ती औषधाने विरघळू शकते. गाठ म्हणजे सगळे संपले, असे मानून घरी बसू नये, ते ह्याचसाठी.

महिने-वर्षे लागून आली, तर खाणे, पिणे, औषध आणि काम, चारही विचारावे. येथे दारूचे नाव खरोखर येते, आणि ते लपविण्याचे कारण नाही. व्हिक्टर, ॲडम्स आणि मॅन्कॉल ह्यांनी १९५९ साली दाखविले, की दीर्घकाळ मद्य घेऊन अन्नाची आबाळ करणाऱ्यांच्या लहान मेंदूचा वरचा, मधला भाग झिजतो. म्हणून पाय फार बिघडतात आणि हात पुष्कळसे बचावतात. अशा माणसाची झोकांडी सकाळी, एक थेंबही न घेता, तशीच असते. ह्याच्याशी भावकी असलेला रोग वेर्निके ह्यांनी १८८१ साली सांगितला. त्यात तोल जातो, डोळे फिरेनासे होतात, बुद्धी भ्रमिष्ट होते. आणि कारण असते ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव. हे जीवनसत्त्व १९२६ साली जावा बेटावर तांदळाच्या कोंड्यातूनच वेगळे काढले गेले. जो कोंडा गिरणीत आपण टाकून देतो, त्यातच ते असते! वेळेवर टोचून दिले तर माणूस सुधारतो. पिणाऱ्याला “भोग आपल्या कर्माची फळे” म्हणून दारातून परत लावणे हे ह्या दृष्टीने निव्वळ अडाणीपणाचे आहे. पिणे सोडले आणि अन्न सुधारले, तर झीज पुष्कळदा थांबते, आणि थोडी चाल परतही येते.

औषधाचेही तसेच. फिट्‌सवर दिले जाणारे फेनिटॉइन १९३८ सालापासून वापरात आहे आणि त्याने असंख्य लोकांचे भले केले आहे; पण मात्रा जास्त झाली तर रोगी डुलू लागतो. त्याने गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टरकडे जाऊन मात्रा ठीक करून घ्यावी.

राहिले काम. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीच्या रामाझ्झिनी ह्यांनी डॉक्टरांना बजावले होते, की रोग्याला इतर प्रश्नांबरोबर “धंदा कोणता?” हाही विचारत जा. बोईसर-तारापूरला रसायने, औषधे, कापड, पोलाद असे नाना कारखाने उभे आहेत. तेथे तर हा प्रश्न तपासणीच्या कागदावर पहिल्या ओळीत हवा. तो आरोप म्हणून नव्हे, निदान म्हणून. १९४० साली इंग्लंडमध्ये बियाण्यांवर लावायची पाऱ्याची संयुगे बनविणाऱ्या कारखान्यातल्या चार कामगारांची हकीकत हंटर, बॉमफर्ड आणि रसेल ह्यांनी लिहिली. त्यांचा तोल गेला, बोलणे तुटक झाले, नजरेचा घेर आकुंचित झाला. सोळा वर्षांनी, १९५६ साली, जपानमधील मिनामाताच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या कुटुंबांत तीच लक्षणे दिसली. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा मासळीतून त्यांच्या पोटात गेला होता. रंग आणि चिकटद्रव्यांत वापरले जाणारे टोल्युईन फार हुंगले गेले, तर तेही लहान मेंदूला बाधते. मिनामातात पहिले बाधित झाले ते कारखान्यात पाऊलही न टाकलेले लोक होते, हे खाडीकाठी राहणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि आता मुंबईचा अध्याय. डॉ. नोशीर वाडिया हे सुरतेत १९२५ साली जन्मले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून, पुढे लंडनमध्ये मेंदूविकारांचा अभ्यास करून ते परत आले आणि जे. जे. इस्पितळात त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला. त्यांच्याकडे काही कुटुंबे येत. बापाची चाल तिशी-चाळिशीत बिघडलेली, मग मुलाची, मग नातवाची. अशा घराण्यांना आपल्याकडे काय काय ऐकावे लागते, ते सांगायला नको. “सगळे घरच पिते,” किंवा “घराला शाप आहे.” वाडियांनी ह्या रोग्यांत एक गोष्ट टिपली. दोन बोटे अंतरावर धरून “आधी ह्या बोटाकडे, मग त्या बोटाकडे पटकन बघा” म्हटले, की निरोगी डोळा झटक्यात उडी घेतो. ह्या रोग्यांचे डोळे मात्र चिखलातून गाडी ओढावी तसे हळूहळू सरकत. नजर वळविण्यासाठी ते आधी मानच वळवीत. एकट्या लहान मेंदूच्या बिघाडाने असे होत नाही. मेंदूच्या देठातही झीज झाल्याची ती खूण होती.

डॉ. आर. के. स्वामी ह्यांच्यासह वाडियांनी अशा नऊ घराण्यांची हकीकत १९७१ साली प्रसिद्ध केली, तीही त्याच ‘ब्रेन’ नियतकालिकात, जेथे चौपन्न वर्षांपूर्वी होम्स ह्यांनी आपले शिपाई जगापुढे आणले होते. हा आनुवंशिक झोकांडीचा एक वेगळा प्रकार आहे, असे त्यांनी मांडले. त्याच वर्षी, १९७१ च्या ऑक्टोबरात, लंडनजवळच्या इस्पितळात जगातल्या पहिल्या रोग्याच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. म्हणजे वाडियांच्या हाताशी असले कोणतेही यंत्र नव्हते. होते ते दोन डोळे, दोन बोटे आणि घरोघरच्या वंशावळी. पंचवीस वर्षांनी, १९९६ साली, ह्या जातीच्या रोगाचा एक जनुक सापडला. बाराव्या गुणसूत्रावर तीन अक्षरांचा एक तुकडा बहुतेकांत बावीस वेळा येतो, तो रोग्यांत पस्तीस, चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा येतो. आणि पुढच्या पिढीत हा आकडा वाढला, तर रोग लवकर येतो. १९९८ साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय घराण्यांच्या जनुकपरीक्षेतून दाखविले, की मंद सरकणारी नजर ही ह्या रोगाची मोठी भरवशाची खूण आहे. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २०१६ साली ते वारले.

ह्या रोगाला मुळासकट घालविणारे औषध नाही. मग त्या घराण्यांना मिळाले काय? त्यांना आपल्या रोगाचे नाव मिळाले. तो शाप नाही, व्यसन नाही, आईच्या दुधातला दोष नाही. आईबापांपैकी एकाकडून निम्म्या शक्यतेने उतरणारा तो एक आकडा आहे, हे त्यांना कळले. लग्न, मूल, नोकरी ह्यांविषयी डोळसपणे ठरविता येऊ लागले. काठी केव्हा धरावी, घास गिळताना ठसका लागत असेल तर काय करावे, कोणता व्यायाम चालू ठेवावा, हे सांगणारे कोणीतरी भेटले. ज्या माणसाला जन्मभर दारुड्या म्हटले गेले, त्याच्या दृष्टीने हे काही थोडे नाही.

वाचकहो, देवीच्या चळवळीने ह्या मुलखाला एकेकाळी विचारले होते, की पिणार किती? वैद्यकाचा इतिहास आपल्याला त्याहून वेगळे तीन प्रश्न शिकवितो. केव्हापासून? काय खाता, घेता आणि कोठे काम करता? घरात आणखी कोणाला? हे तीन प्रश्न विचारायला डॉक्टरच लागतो असे नाही. पाड्यावरची आशाताई, शाळेतले गुरुजी, कारखान्याचा पाळीप्रमुख, घरची सून, कोणीही विचारू शकते. रात्रीतून डुलू लागलेल्याला तत्काळ इस्पितळात न्यावे. हळूहळू डुलू लागलेल्याला एकदा तरी मेंदूविकाराच्या डॉक्टरपुढे उभे करावे. आणि पिणाऱ्यालाही ह्यांतून वगळू नये. निकाल तपासणीनंतर द्यावा. एवढे पथ्य पाळले, तर भिंतीचा आधार शोधणाऱ्या हाताला वेळेवर माणसाचा आधार मिळेल.